दोन बोटं पाणी

सासरे पहार मारतात आणि मान तिरकी करून ऐकतात.
भरीव आवाज आला तरच पुढचं पाऊल.
काठाजवळ मात्र पोकळ वाजतं:
खालचं पाणी उतरलंय, आणि बर्फ
रिकाम्या कणगीवरच्या झाकणासारखा
अधांतरी राहिलाय.
"तुझ्या नवऱ्याने रात्रीत दोन बोटं नेलं,"
ईसाक्की म्हणतात.
रागाने नाही. दूधवाल्याने माप मारलं
असं सांगावं, तसं.

योउनी दोनशे किलोमीटर खाली, नदीवरच्या वीजकेंद्रात
पडद्यांसमोर रात्रपाळी करतो.
दक्षिणेत कुणी सौनाची शेगडी लावली
की तिथे एक काटा हलतो
आणि इथे लोक्काचा अख्खा जलाशय
केसभर खाली बसतो.
चारशे चौरस किलोमीटरचा केस.

उणे चौतीस.
पापण्या मिटल्या की चिकटतात,
म्हणून आम्ही कमी मिटतो, कमी बोलतो.
मी झाऱ्याने भोकातला चुरा काढते,
काढते तोवर पुन्हा साय धरते.
सूर्य आलाय, म्हणजे
दारातूनच विचारपूस करून निघणाऱ्या पाहुण्यासारखा.

जाळं बुधवारी सोडलेलं.
फळीने दोरी बर्फाखालून नेलेली,
या भोकातून त्या भोकात,
गोधडीत सुई घालावी तशी.
आज पहिले पंधरा हात सहज आले.
मादे मासे, एकामागून एक:
हनुवटीला एकच मिशी, अंग बुळबुळीत,
तोंड असं की कुणीतरी झोप मोडलीय.
थंडी कडाडली की बाकीचे सुस्तावतात,
यांच्याच घरी तेव्हा लगीनघाई.
बर्फावर टाकला की दोनदा वळतो
आणि वळलेलाच गोठतो, विळ्यासारखा.
अकरा मोजले.
बारावा दिसला, आणि जाळं थांबलं.

"बुंधा," ते म्हणाले.
पाणी सोडलं तेव्हा झाडं तोडायलाही कुणी थांबलं नव्हतं.
ते पालथे झोपले, भोकाशी तोंड,
कोट डोक्यावर ओढून,
किती तरी वेळ खाली बघत राहिले.
मला वाटलं, आता सांगतील.
नवव्या वर्षी याच दलदलीतून
बोचकं घेऊन निघाले होते म्हणे.
हे सासूबाईंकडून ऐकलेलं. यांच्याकडून कधीच नाही.
उठले. दाढीला बर्फ.
"बर्फ बसलाय बुंध्यावर. मध्ये जाळं."
मग, हातमोजा काढत:
"लाव त्याला फोन."

चार वर्षांत पहिल्यांदा.

फोन मी छातीशी उबेला ठेवलेला.
सांगितलं, बाबा विचारतायत,
पाणी जरा थांबवता येईल का.
पलीकडे इतका वेळ काहीच नाही
की वाटलं बॅटरी गेली.
"आज?" तो म्हणाला. "आज सगळा देश शेगडीला चिकटलाय, हिल्का."
मग हळूच, "किती मिळाले?"
"अकरा."
"मोठे?"
सासरे ऐकत होते. दोन्ही हात पसरून
त्यांनी खोटं माप दाखवलं.
मी तेच सांगितलं.

सुरी त्यांनीच चालवली.
अर्धं जाळं खाली राहिलं, बाराव्यासकट.
परतताना ते पुढे, पहार ठोकत, ऐकत,
मी मागे घसरगाडी ओढत.

रात्री बटाटे, दूध, मादेची कलेजी.
ईसाक्कींनी दोनदा वाढून घेतलं.
मग उठले. अंगणातला दिवा विझवला.
स्वयंपाकघरातला विझवला.
फ्रिजची वायर उपटली, उरलेले मासे
पडवीत नेऊन ठेवले:
बाहेर एवढं असताना हा डबा कशाला.
अंधारात खुर्ची सापडायला त्यांना वेळ लागला.
"बघ," म्हणाले,
"केसभर तरी."

ओट्यावर माझा फोन चार्जिंगला होता.
त्याचा हिरवा ठिपका
मी हाताने झाकला.