पावती नंबर ३१७

साहेब, हा फोटो मला कशाला दाखवता?
मला माणसं चेहऱ्यानं आठवत नाहीत.
कॉलर विचारा, सांगतो.
कुणाची मान तेलकट, कुणाच्या बाहीला शाई,
कोण लिपस्टिकचा डाग
काउंटरपाशी स्वतः उभा राहून काढून घेतो.

त्याच्या कपड्यांवर डाग नसायचे.
कपडेच त्याचे नसायचे.

ग्रँट रोडला, पुलाच्या उतारावर आमची लाँड्री.
शनिवारी शटर अर्धं उतरवलं की तो यायचा,
वाकून.
आत आल्यावर मात्र असा सरळ व्हायचा
की वाटावं, शटरच मुजऱ्याला खाली आलंय.
"परीटदादा, आज मलबार हिल."
मी हँगर सरकवायचो:
डॉक्टरांचा राखाडी, तो खांद्यात सैल;
बॅरिस्टरांचा काळा, त्याची बगलेत शिवण तटतटायची.
पंधरा रुपये रात्रीचे,
आणि सोमवारी मालकाचा गडी यायच्या आत
कोट परत दांडीवर.
पाप म्हणाल, तर ते आम्ही वाटून खाल्लं.

नाव विठोबा तोडणकर. बाप दाभोळला
लाँचचे दोर सांभाळायचा.
टेकडीवर तो वडगीर संस्थानचा धाकटा राजा.
"वडगीर आहे तरी कुठं?" मी एकदा विचारलं.
म्हणाला, "जिथं कुणी गेलेलं नाही, तिथं.
कुणी जाऊन आलेला भेटलाच,
तर आणखी थोडं पुढं."

खोटं तो फार कमी बोलायचा, साहेब.
आमच्याकडं हत्ती होते, असं नाही म्हणायचा.
म्हणायचा, "हत्तीण विकली
तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही."
बायकांचे घास हातातच राहायचे.

चूक माझी झाली.
वल्लभजी शेठच्या घरी साखरपुडा,
आणि घाईत मी त्याला दिलं
ते पांढरं शार्कस्किनचं जॅकेट
वल्लभजी शेठचंच.

दारातच शेठनं बाहीवरून हात फिरवला.
"कुठं शिवलंत?"
"वडिलांचं आहे."
"माझ्याकडं अगदी असंच आहे," शेठ म्हणाले,
"पण मला असं बसत नाही."

छातीच्या खिशावर रेशमानं काढलेली
शेठची दोन अक्षरं.
ती झाकायला तो रात्रभर
डावा पंजा छातीवर ठेवून उभा.
लोकांना वाटलं, राजघराण्याची रीत.
पुढच्या महिन्यात म्हणे वाळकेश्वरची निम्मी पोरं
तशीच उभी राहायला लागली.

मग तो तळ्यातला महाल, त्याचं हॉटेल,
त्या हॉटेलातले हिस्से,
सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.
किती गेले, कुणी सांगत नाही.
तुमच्याकडं तक्रार आली ती एका टॅक्सीवाल्याची,
अठ्ठेचाळीस रुपयांची.
तोच एक म्हणायला तयार झाला
की मला फसवलं.

जॅकेट? ते आलं परत,
सोमवारी, वेळेवर, घडी घालून.
खिशात पंधरा रुपये.

आणि परवा दुपारी शेठ स्वतः आले.
वीस वर्षं कपडे येतात त्यांचे, ते कधीच नाही.
गाडी लांब उभी केलेली. बगलेत तेच जॅकेट.
मी म्हटलं, संपलं. पाय धरायलाच वाकलो.

शेठनं जॅकेट काउंटरवर पसरलं,
सुरकुती नव्हती तिथं हात फिरवला,
आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले,
"खांद्यात जरा बघ.
त्याला बसत होतं तसं
मला बसवून मिळेल?"

मी पावती फाडली. तीनशे सतरा.
सवयीनं विचारलं, "नाव?"

शेठ थांबले.
पुलावरून एक ट्रक गेला, दांडीवरचे सगळे हँगर
किणकिणले, शांत झाले.
मग त्यांनी नाव सांगितलं.
मी लिहून घेतलं.