नग एक

कुताइसीच्या नाट्यगृहाखाली, तळघरात,
जिथे रिओनी नदीची ओल भिंतीतून वर चढते,
लामारा बसते. वय एकाहत्तर.
डोळ्यांत आता फक्त उजेडाची दिशा उरलीय.
मी बेसो, तिचा मदतनीस, महिन्याभराचा.
शिडीवर चढायचं, धूळ झटकायची,
तिच्या तळहातावर एकेक वस्तू ठेवायची.
ती नाटक ओळखते. मी वहीत टिपतो.

नाटकाचं नाव मात्र घेत नाही.
म्हणते, नावं जाहिरातीसाठी असतात.

रुमाल दिला.
कडेची वीण बोटांनी चाचपत म्हणाली,
"हा पडतो, आणि सापडतो नको त्याला.
एवढीशी चिंधी, पण एका बाईचा श्वास घेते.
आमची ती बाई चार वर्षं दर शनिवारी मेली
आणि उठून इथे, या स्टुलावर, लोबियानी खाऊन गेली."

पितळी मूठ दिली, दारापासून सुटलेली.
"हिच्यामागचा आवाज ऐकलायस? धाड्कन.
बाई गेली. नवरा आत उरला.
पहिल्या प्रयोगाला बायका हुंदके देत होत्या,
मग घरी जाऊन निमूट भांडी घासली.
माझी आईही."

बूट दिले.
"यात कुणी येत नाही. दोन तास वाट, आणि कुणी येत नाही.
डाव्यात वर्तमानपत्र कोंबलेलं असेल,
आमच्या नटाचा पाय लहान होता."
होतं. तारीख वाचता येत नव्हती.

बोटभर पारदर्शक घोडा दिला, कपाळावर शिंग असलेला.
"दर प्रयोगाला शिंग मोडायचं, काच कुठून आणणार?
मी साखरेचे ओतायचे. सतरा मोडले.
हा अठरावा. नाटक बंद पडलं म्हणून शाबूत.
चाटून बघ."
चाटला. धूळ, आणि धुळीखाली खरंच गोड.
मुंग्यांनी कसा सोडला, देव जाणे.

कवटी उचलली तर हात झटकला,
"ती ठेव परत. ती शेंबडं पोरही ओळखतं."

मग मला वात्रटपणा सुचला.
खिशातली किल्ली दिली, माझ्या भाड्याच्या खोलीची.
तिनं दात मोजले तिचे, वजन घेतलं,
"हे अजून कुणी लिहिलेलं नाही," म्हणाली,
"लवकर घरी जात जा."

सगळ्यात मागे, खिळ्यांच्या डब्याआड,
कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.
लाकडाचा ढलपा. एका बाजूनं जळालेला,
दुसऱ्या बाजूला खळीनं चिकटलेली
कागदाची एक पांढरी पाकळी.

तिनं तो हातात घेतला नाही लगेच.
आधी वास घेतला.

"यात बाग विकतात," ती म्हणाली,
आणि बराच वेळ पुढे काहीच नाही.
"शेवटी पडद्यामागून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात.
ओतार द्यायचा ते, ओंडक्यावर, ठरलेल्या लयीत.
त्या हिवाळ्यात वीज नव्हती. गॅस नव्हता. पावाला रांग.
एकोणीस प्रेक्षक, सगळे ओव्हरकोटात,
नट बोलले की तोंडातून वाफ दिसायची,
मेणबत्तीत दिसते तेवढी.
चौथ्या अंकात ओतारनं ओंडका बाजूला सारला
आणि बाग तोडली. आमची. खरी.
म्हणजे खोटीच, पण मी दोन महिने खपून केलेली,
नऊ झाडं, प्रत्येक पाकळी कात्रीनं."

"टाळ्या?" मी विचारलं.
"कसल्या टाळ्या. सगळे शेगडीपाशी आले.
नट, प्रेक्षक, तिकीटवाली झुझुना, तिचं तान्हं.
विकत घेणारा आणि विकणारी एकाच घोंगडीत.
रंग जळताना घाण वास येत होता.
कुणी घरी जाईना."

मी पेन घेऊन थांबलो.
वहीत रकाने होते: नाटक, वस्तू, अवस्था.
काय लिहू, विचारलं.

ती ढलप्यावरची पाकळी अंगठ्यानं दाबत होती,
उघडी पडलेली कड पुन्हा चिकटते का बघत.

"लिही," म्हणाली,
"झाड. नग नऊ. परत आली नाहीत."
मग थोड्या वेळानं,
"आठ लिही."