चार मीटर

माल्पिकाच्या दवाखान्यातल्या बोळात
मी पिवळ्या पट्टीने दोन रेघा मारल्यात.
मधलं अंतर चार मीटर.
"नेहमीसारखं चाला, एरुंडीना,
दुकानात जाता तसं."

दुकानात तिचा मुलगा जातो.
तिची एकोणऐंशी वर्षं; त्यातली एक्केचाळीस
समुद्राच्या खडकांवर गेली, लोखंडी खरवडणी घेऊन,
एक लाट गेली, दुसरी यायची आहे, तेवढ्यात
बोटांसारखे चिकटलेले पेर्सेबे उचकटत.

आधी मूठ.
यंत्राचा दांडा तिने दाबला, काटा अठ्ठावीस किलोवर.
बिघडलं असेल म्हणून मी स्वतः दाबून पाहिलं:
सव्वीस.
ती काही बोलली नाही. दांडा पदराशी, म्हणजे एप्रनला, पुसला
आणि शेजारणीची सुरी परत करावी तसा दिला.

मग चालणं.
सात सेकंद आणि वर थोडं.
तक्त्यात हा आकडा लाल रकान्यात पडतो.
लाल रकान्यातल्यांबद्दल आम्हाला शिकवलंय:
पडणं, इस्पितळ, थोडी उरलेली वर्षं.
रक्ताआधी पाय बोलतात, असं आमचे डॉक्टर म्हणतात.
पण मी बघत होते,
दर दोन पावलांना तिची मान वळत होती
डाव्या खांद्यावरून मागे,
औषधांच्या कपाटाकडे.

"मागे काय आहे? पुढे बघून चाला ना."

"पुढे बघून चालणाऱ्या बायका," ती म्हणाली,
"आमच्यात म्हाताऱ्या झाल्या नाहीत."
आणि तीन नावं घेतली.
तिसरं माझ्या आईच्या मावशीचं होतं.

पुन्हा चालवलं. या खेपेला
कपाट अडवून मी तिच्या पाठीशी उभी राहिले.
"चला. लाट मी बघते."
साडेचार सेकंद.

कुठला आकडा खरा धरायचा?
दोन्ही लिहिले. शेऱ्याच्या जागी लिहिलं:
मागे कुणी उभं असल्यास.
वरिष्ठ विचारतील. विचारू देत.

सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.
चिठ्ठी लांब धरून तिने वाचली,
बोटांच्या पेरांवर चंद्र मोजला.
"ह्या दिवशी नको. उधाणाची ओहोटी आहे."
"आता कुठे तुम्ही खडकांवर जाता?"
"मी नाही. सून उतरते," पिशवी उचलत ती म्हणाली.
"मी वर उभी असते."