बंद नळाला साठ

शेवटचा फवारा कधी उठलाच नाही.
पहिले चार ताठ उभे राहायचे,
पाचवा गुडघ्यावर,
आणि लायलॅकच्या झुडपापाशी सहावा
नुसता जागच्या जागी पाझरायचा,
झोपेत लाळ गळावी तसा.

"गावच्या पाण्यालाच जोर नाही, आर्डिस."
हार्लन हे एकतीस उन्हाळे म्हणाला.
एकतीस उन्हाळे मी संध्याकाळी सातला
हिरवी नळी ओढत त्या कोपऱ्यात जायची,
अंगठ्यानं धार पसरायची.
कुंपणापलीकडे बेटिना तिच्या टोमॅटोंना पाणी घालत असायची.
स्पोकेनचा जुलै म्हणजे
आभाळानं कामावर न येण्याचा महिना.
आम्हाला बोलायला वेळच वेळ.

हार्लनला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली.
मे महिन्यात टेव्हिया आली,
कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातली,
तिचं फावडं, तिचा करवतीचा पाता, तिचा चिप्सचा पुडा.
नळाला तिनं छोटी तबकडी फिरवून बसवली.
काटा चढला. साठ.
"गावाला उगाच बोल लावू नका."
मग फवारे सोडले
आणि काटा घरंगळत बावीसवर आला.
"बंद असताना सगळेच साठ दाखवतात.
वाहायला लागलं की कळतं."
एकवीस वर्षांची पोर. बोलली
आणि बोटांवरचं मीठ चाटत बसली.

अर्ध्या इंचाची नळी, नव्वद फूट.
एवढ्या अरुंद वाटेनं पाणी
भिंतींना अंग घासून घासूनच दमतं, म्हणाली.
आणि वर कुठंतरी मुरतंयही.

खणायला घेतलं.
इथली माती नावाची माती,
वीतभर खाली बटाट्यांएवढे गोटे.
दुपारपर्यंत बारा फूट.
तिथं पहिलं ठिगळ सापडलं:
सायकलची ट्यूब, वर तारेचे वेढे.
पुढं दुसरं:
माझ्याच हिरव्या नळीचा तुकडा.
(ती नळी एका वर्षी दोन फुटांनी आखूड झाली होती.
गवत कापायच्या यंत्रात गेली, असं मला सांगितलं होतं.)
तिसरं, काळी चिकटपट्टी,
थरावर थर,
कापलेल्या बोटाला घाबरट माणूस बांधतो तशी.

म्हणजे त्याला माहीत होतं.

रागवावं की हसावं ते ठरेपर्यंत
टेव्हियानं तिन्ही कापून बादलीत टाकली.
ट्यूब मी उचलून घेतली.
कशाला, ते विचारू नका.

नवी नळी एक इंचाची, पांढरी.
आधी जांभळा द्रव, मग गोंद,
पाव वळसा, आणि घट्ट धरून तीस आकडे.
मी मोजायची, ती धरायची;
सतराव्या आकड्याला दर वेळी तिला शिंक.
हाताचा जांभळा डाग रविवारपर्यंत गेला नाही.
चर्चमध्ये विचारलं, आर्डिस, कसला मुरंबा केलास?

एक रात्र सुकू दिलं.
सकाळी नळ सोडला.
आधी नुसती हवा, खोकल्यासारखी,
मग चिखल, एक गोटी, पुन्हा खोकला,
आणि सहावा उभा राहिला.
असा उभा राहिला की
लायलॅक भिजलं, कुंपण भिजलं,
बेटिनाच्या टोमॅटोंची पानं भिजली
आणि बेटिनाचा चष्मा.
काटा अठ्ठेचाळीसवर.
टेव्हियानं माझ्या तळव्यावर टाळी दिली,
जांभळ्यावर जांभळी.

आता गराजमधली पेटी पहाटे पाचला खट् करते
आणि मी उठायच्या आत सगळं होऊन जातं.
कोपरा हिरवा होतोय.
संध्याकाळी सातला
घरात घड्याळ आणि मी.

मंगळवारी नळी ओढत गेले तिथवर.
दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.
बेटिना टोमॅटोंतून डोकावली.
अगं, पाणी कुठंय?
म्हटलं, येईल गं.
गावच्या पाण्यालाच जोर नाही.