दातांत धरलेली कांडी

अंबडच्या शेडमध्ये एक चाक फिरतं, तांब्याचं,
पोटात गार पाणी खेळवलेलं.
त्यावर लोखंड, बोरॉन, सिलिकॉनचा रस
बारीक धारेनं पडतो
आणि पापणी लवायच्या आत पट्टी होऊन सुटतो,
केसाहून पातळ.
अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही.
जो जिथे होता तिथेच थिजतो,
बसायला निघालेला, अर्धा वाकलेला.

हे मी अप्पांना सांगत होते.
सांगत म्हणजे ओरडत.
यशवंत वडके, तांब्याचे बंब व घंगाळी:
पन्नास वर्षं ठोके घालून कान गेले,
तेही एकदम नाही.
आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी,
मग मी.

"रांग नाही म्हणजे काय? सावळागोंधळ?"
नाही हो.
बुधवारी गंगेवर बाजार भरतो ना, तसं.
आखून कुणी दिलेलं नसतं,
पण मेथीवालीला ठाऊक असतं डावीकडे कोण, उजवीकडे कोण,
मागच्याचं गोणपाट किती पुढे सरकलंय.
बारा-तेरा शेजारी पक्के.
त्यापलीकडे कुणाला कुणाचा पत्ता नाही.

त्यांनी पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली.
सरळ.
पुन्हा गुंडाळली.
सरळ.
"वळण घेत नाही," म्हणाले,
शिकाऊ पोराबद्दल म्हणायचे त्याच सुरात.

मग मी आकडे काढले.
चहूबाजूंनी दाबलं तर
रांगेतल्या भावाइतकाच, जवळजवळ, टणक.
कडेनं रेटलं तर मात्र पाव-तिसरा हिस्सा नरम,
कारण आत कुठे कुठे सैल जागा राहून गेलेली असते,
तिथले अणू थोडं सरकून घेतात.

"मऊ करायची तर भट्टीत घालता?"
इथे मी अडले.
तांब्याला ठोकून ठोकून ताठा येतो.
मग लाल करायचं, पाण्यात सोडायचं,
की ते पुन्हा ऐकायला लागतं,
हे मी फ्रॉकात असताना यांच्याच दुकानात शिकले.
आमच्या पट्टीचं उलटं.
ऊब मिळाली की अणू आपापली जागा नीट करून घेतात,
सैल होतं ते आवळतं,
आणि पट्टी पापडासारखी मोडते.

अप्पा बराच वेळ हसत राहिले.
"विसावा दिला की ठिसूळ!
पाटी उतरवली तेव्हा माझं झालं तसं."
मला हसता आलं नाही.
"चाक कशाचं म्हणालीस?"
तांब्याचं.
"मग ठीक आहे."

पर्समध्ये एक कांडी होती, करंगळीएवढी,
झिर्कोनियमची, तांबं मिसळलेली.
असल्या कांड्यांचा नाद मोजून
आम्ही त्यांची लवचिकता काढतो.
अप्पांनी ती तळहातावर तोलली
आणि काही न विचारता दातांत धरली.
कान जायला लागले तेव्हा
हातोडीचा दांडा असाच धरायचे,
दुसरं टोक घागरीला टेकवून.
मला खुणावलं, मार.

चमच्यानं हलकेच मारलं.
मला आलं ते लगेच विरलं,
फ्रिजच्या घरघरीत.
अप्पांनी डोळे मिटले होते
आणि एक बोट वर धरलं होतं:
थांब, अजून आहे,
थांब.