करकर

सोमवार आणि गुरुवार सीपीआरचे.
उरलेल्या दिवसांत मी वेण्या घालते,
बारीक वादीच्या, तीन पदरी, पाच पदरी.
डझनाचा भाव ठरलेला, व्यापाऱ्याची घाईही ठरलेली.
शांतवन भिंतीला टेकून बसतो
आणि विचारतो, किती झालं?
तो पाण्याचं विचारत असतो.

दिवसाला तीन पेले. बस.
पंचगंगा ज्या गावाला खेटून वाहते त्या गावात
माझा नवरा पाणी मोजून पितो.
परवाच्या रविवारी प्रभुभोजनाचा पेला हाती आला,
अंगठ्याएवढा, द्राक्षरसाचा,
तर तोही त्यानं सोमवारी नर्सला सांगितला.
ती हसली. एवढंसं काय लिहायचं, मामा?
लिही, म्हणाला.
आत गेलंय ते खरंच गेलंय.

पाळकसाहेब घरी आले होते.
परातीत भिजत पडलेलं कातडं बघून म्हणाले,
करुणाताई, देवही माणसाला असाच कमावतो.
बाभळीची साल, हिरडा, ठोकणं, ऊन.
चांगले आहेत ते. पोरगेलेच आहेत अजून.
चहाचं आधण ठेवता ठेवता मी म्हटलं,
कातडं मेलेलं असतंय, पाळकसाहेब.
त्याला दुखत न्हाई.
ते गप्प झाले.
मग प्रार्थना केली, पहिल्यांदाच अडखळत,
आणि त्या अडखळण्याला मी मनापासून आमेन म्हटलं.

नवं लग्न होतं तेव्हा शांतवनच्या चपला वाजायच्या.
तळाच्या दोन पदरांत बी घालून
तो स्वतः शिवायचा, स्वतःच्याच पायासाठी.
सुभाषनगरच्या कोपऱ्यावर वळला
की आधी करकर यायची, मग तो.
त्या आवाजावर मी भाकरी तव्यात टाकायची;
तो उंबऱ्याशी येईतो ती टम्म फुगलेली असायची.
आता पाय सुजतात. रबरी स्लिपर.
वाजणारा जोड खुंटीला आहे.
रविवारी संध्याकाळी मी त्याला तेल लावते.
का, ते कुणी विचारत नाही.

देवाचंही माझं असंच होतं.
यायच्या आधी ऐकू यायचा.
शाळेची फी भरली गेली: करकर.
कृपाचा ताप उतरला: करकर.
मी म्हणायची, आला.
दोन वर्षं झाली, गल्ली गप्प आहे.
कानातलं गेलं, डोरलं गेलं,
धाकट्या दिरानं फोन उचलायचं सोडलं,
आणि रात्र रात्र मी कान लावून बसले
तर काळ्या पुस्तकाच्या पानांशिवाय
काही वाजलं नाही.
भांडले मी. तोंडाला येईल ते बोलले.
अनोळखी माणसाशी कुणी असं भांडत नाही,
हे मात्र भांडता भांडता कळलं.

गेल्या गुरुवारी अशीच मान खाली घालून
वेण्या मोजत होते, सतरा, अठरा,
अर्धं लक्ष रस्त्याकडे, योनाथानच्या गाडीच्या हॉर्नकडे.
एकोणीसला मान वर केली
तर शांतवन दारात उभा.
हाताला पांढरी पट्टी, ओठ कोरडे.
कधी आलास?
झाला की वेळ. तू मोजत होतीस.
हाक मारली असती तर चुकली असतीस.

मी त्याच्या पायांकडे बघत राहिले.
रबर. कुठल्याही दुकानात मिळणारं.
आवाज न करता माणूस घरापर्यंत आणणारं.

तेव्हापासून कान लावणं सोडलंय.
सगळं ठीक झालंय असं नाही.
डॉक्टर नुसते कागद उलटतात,
आणि पेले तीनच आहेत.
उद्या गुरुवार. बावीस जोड बाकी.
मी दाराची कडी काढून ठेवते,
वादी ओली करते,
आणि मान खाली घालून
पुढचा पदर उचलते.