सोळा व्होल्टपर्यंत

पहाटे चारला लाईन येते
आणि दूध केंद्रातलं फॅटचं मशीन
टिक करतं. थांबतं. पुन्हा टिक.
हिरवा दिवा डोळा उघडतो, मिटतो.

"लाईन तं आली ना जी, मंग काहून उठत नाई हे?"
कवडूजी विचारतो
आणि मी उत्तर जुळवेपर्यंत
स्वतःच सांगून टाकतो, "आयसी गेली असन."

आयसी दोनदा बदलून झाली,
एक लाखांदूरची, एक साकोलीहून मागवलेली.
दोन्ही चांगल्या होत्या.

तिसऱ्या रात्री झाकण काढून नुसता बसलो.
मीटरचं लाल टोक सातव्या पायावर.
नऊ. अकरा. तेरा.
तीनशे व्होल्ट शेजारी तुडुंब उभे,
पण वाट एका रेझिस्टरमधून,
बोडीचं पाणी खेकड्याच्या बिळातून झिरपावं तशी.
सोळाला आयसी जागी होते,
आणि जागं होणं हेच मुळी खर्चाचं.
ट्रान्सफॉर्मरवर तिच्यापुरती एक बारीक गुंडाळी आहे,
आता तिनं तिला पोसायला हवं;
पण पलीकडे तीन मोठे कपॅसिटर उपाशी,
पंपाची मोटर, आकड्यांची पाटी,
सगळ्यांचे हात एकदम ताटात.
चौदा. अकरा. दहा.
टिक.

शाळेत मी "हजर" म्हणायच्या आत
गुरुजी पुढच्या नंबरावर गेलेले असत.
रजिस्टरात माझी गैरहजेरी पुष्कळ.

बावीसचा छोटा कपॅसिटर काढला, मोजला तर चार.
टिनाखालचे सहा मे महिने
त्याला आतून वाळवून गेले होते.
सत्तेचाळीसचा बसवला.
पहिल्या पायाशी एक ट्रान्झिस्टर
आणि मसुरीएवढा आणखी एक कपॅसिटर,
सगळी ताकद पहिल्याच झटक्यात मागायची नाही, एवढंच सांगायला.
मोटरला रिले लावला. ती दोन सेकंद मागे.

चारला लाईन आली.
किटल्या ओळीत. मशीन गप्प.
आता उठायला त्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो,
हे मला ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही.
"नाई चा..." कवडूजी म्हणाला. मी हात वर केला.

मग हिरवा दिवा. राहिला.
मग, जरा उशिरानं, मोटर.

पुष्पकला वही उघडून विचारते, "किती झाले जी?"
क माझा जुना वैरी.
"क... क..."
कवडूजीचं तोंड उघडलेलं दिसतं मला.
पुष्पकला त्याच्या हातात किटलीचं झाकण देते,
"धरा," म्हणते,
आणि पेनाचं टोक कागदावर टेकवून
खाली बघत थांबते.

"कपॅसिटरचे बारा. रिलेचे साठ.
आयसीचे घेत नाही, त्या चांगल्या होत्या."

ती लिहिते. सगळं.
पहिल्या किटलीला फॅट लागलं चार पॉइंट दोन.